पत्र्याच्या ट्रंकेतला पडदा : विसाव्या शतकाच्या अखेरीची महाराष्ट्रातील व्हिडिओकला

व्हिडिओ हा शब्द मराठी घरांत चाळीस वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे, पण ‘व्हिडिओकला’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमके काही उभे राहत नाही. सिनेमा म्हटला की तिकीट, अंधार आणि तीन तासांची गोष्ट आठवते. दूरचित्रवाणी म्हटले की दिवाणखान्यातील खोके आणि ठरलेल्या वेळी लागणारी मालिका आठवते. व्हिडिओकला मात्र या दोहोंच्या मधल्या, नाव नसलेल्या जागेत राहून गेली आहे. चित्रकार जसा रंग हाताळतो किंवा शिल्पकार जशी माती हाताळतो, तशी कलावंताने विद्युत्-तंत्राने टिपलेली हलती प्रतिमा हाताळावी, ती गोष्ट सांगण्यासाठी वा बातमी देण्यासाठी न वापरता स्वतःच पाहण्याची वस्तू व्हावी, आणि प्रेक्षकाने खुर्चीत बसून नव्हे तर उभ्याने, चालत, हवा तेवढा वेळ ती पाहावी, असे या कलेचे ढोबळ वर्णन करता येते. अशी प्रतिमा जेव्हा खोलीतील इतर वस्तूंसह, पाहणाऱ्याला आत शिरता येईल अशा रीतीने मांडली जाते, तेव्हा त्या रचनेला मराठीत मांडणशिल्प म्हणतात. महाराष्ट्रातील व्हिडिओकलेचा मोठा भाग मांडणशिल्पाच्या रूपातच जन्मला, आणि त्याला कारणे आहेत.

चित्रपटाची फिल्म आणि व्हिडिओची फीत यांतील फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरला तर त्यावर माणसे दिसतात, नायिकेचा पदरसुद्धा ओळखता येतो. व्हिडिओची फीत उजेडाकडे धरली तर काहीच दिसत नाही. अर्ध्या इंच रुंदीची ती तपकिरी, चकचकीत पट्टी मुकी असते. घरोघरी आलेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये अशी अडीचशे मीटरांहून अधिक लांबीची फीत तीन तासांच्या चित्रणासाठी गुंडाळलेली असे, आणि यंत्रातील मिनिटाला १,५०० फेरे घेणारा एक लहानसा चकचकीत नगारा तिच्यावर चुंबकीय खुणा तिरप्या रेघांत उमटवत आणि वाचत असे. त्या नगाऱ्यावरील ‘हेड’ मळले की पडद्यावर मुंग्या येत, मग कोणीतरी कापसाला स्पिरिट लावून ते पुसत असे. या यंत्राचे दोन गुण कलावंताच्या दृष्टीने मोलाचे होते. चित्रण केलेले तत्काळ पाहता येत असे, त्यासाठी प्रयोगशाळेत फिल्म धुवायला पाठवून वाट पाहावी लागत नसे. आणि तीच फीत पुसून पुन्हा वापरता येत असे. दुसरा गुण हाच मोठा दोषही ठरला, कारण जे पुसता येते ते पुसले जाते. जुन्या टेपवर नवा कार्यक्रम चढवण्याची रीत जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती, आणि तिच्यामुळे किती इतिहास गेला याचा हिशोब कोठेच पूर्ण लागलेला नाही.

या विषयाचे पुस्तक मुंबईच्या कलादालनांपासून आठशे किलोमीटरांहून दूर असलेल्या कामठीच्या वाचकाच्या हाती का द्यावे, हा प्रश्न रास्त आहे. कन्हान नदीकाठची कामठी १८२१ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीतून वाढली. आजही तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. विणकर, विडी कामगार, मराठी, उर्दू आणि हिंदी बोलणारे मोहल्ले आणि ‘जय भीम’ या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या बाबू हरदास यांच्या आठवणीने ताठ उभी राहणारी वस्ती, असे हे गाव आहे. छावणीच्या गावात पत्र्याची ट्रंक कोणाला समजावून सांगावी लागत नाही. काळ्या किंवा हिरव्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि क्रमांक रंगवलेली, बदली झाली की रेल्वेच्या फलाटावर सर्वांत आधी उतरणारी आणि निवृत्तीनंतर घरातल्या गाद्या-गोधड्यांखाली विसावणारी ही ट्रंक अशा गावाच्या ओळखीची वस्तू आहे. महाराष्ट्रातील व्हिडिओकलेची सर्वांत महत्त्वाची कलाकृती अशाच ट्रंकांत मांडली गेली होती. तेव्हा हा विषय परका आहे असे मानण्याचे कारण नाही; तो परका राहिला, कारण तो या दिशेने कधी आणलाच गेला नाही.

या कलेचा आरंभ जगात साधारणपणे १९६३ पासून मोजतात, जेव्हा नाम जून पाइक या कोरियन कलावंताने जर्मनीतील वुपर्टाल येथे बिघडवलेले, चित्र वाकडे करणारे दूरचित्रवाणी संच प्रदर्शनात मांडले. पुढे त्याच दशकात सोनी कंपनीचा हातात नेता येणारा कॅमेरा आला आणि अमेरिका-युरोपातील कलावंतांना हे साधन परवडू लागले. भारतात त्या वेळी परिस्थिती अगदी निराळी होती. दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली खरी, पण मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडले, आणि खासगी माणसाच्या हाती व्हिडिओ कॅमेरा येणे त्याहून पुष्कळ लांबले. म्हणून महाराष्ट्रातील व्हिडिओकलेचा पहिला अध्याय व्हिडिओवाचून, फिल्मवर लिहिला गेला. हे विधान विरोधाभासी वाटेल, पण माध्यमाचे यंत्र पोहोचण्याआधी त्या माध्यमाची दृष्टी पोहोचते, असे कलांच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

ती दृष्टी मुंबईत दोन ठिकाणी आकाराला आली. पहिले ठिकाण सरकारी होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे होते, आणि प्रेक्षक ते बहुधा शेंगदाणे सोलत पाहत. पण याच संस्थेत प्रमोद पती यांनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ आणि १९७२ मध्ये ‘आबिद’ यांसारखे अत्यंत धाडसी लघुपट केले, मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला आणि बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळवला, तर तैयब मेहता यांनी १९७० मध्ये ‘कूडल’ हा लघुपट केला, ज्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जनावर आणि शहरातील गर्दी एकमेकांवर आपटत राहतात. चित्रकार कॅमेऱ्याकडे वळतो तेव्हा कथेचा आधार न घेता तो नुसत्या दृश्याच्या बळावर उभा राहू शकतो, हे या लघुपटांनी दाखवून दिले.

दुसरे ठिकाण खासगी होते, आणि त्याचे महत्त्व अधिक आहे. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. ती रक्कम स्वतःच्या चित्रांवर खर्च न करता त्यांनी मुंबईच्या नेपियन सी रोडवरील एका घरात ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची कार्यशाळा उघडली. तेथे कॅमेरे, संकलनाची साधने आणि छायाचित्रणाची सामग्री ठेवली, आणि चित्रकार, दिग्दर्शक, छायालेखक, अॅनिमेशनकार व मानसशास्त्राचे अभ्यासक यांनी एकमेकांच्या कामात हात घालावा अशी सोय केली. मणी कौल आणि कुमार शहानी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले दिग्दर्शक, छायालेखक के. के. महाजन आणि भारतीय अॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन हे या वर्तुळात होते. मणी कौल यांच्या ‘दुविधा’ या १९७३ च्या चित्रपटालाही पदमसींचा हातभार लागला. पदमसींनी स्वतः १९७० मध्ये ‘सिझिजी’ ही अकरा मिनिटांची मूक, कृष्णधवल अॅनिमेशन फिल्म केली, जिच्यात केवळ रेषा आणि बिंदू यांच्या गणिती हालचाली आहेत. पाहणारा आधी अर्थ शोधतो, मग तो शोध सोडतो आणि तेव्हाच त्याला ती लय दिसू लागते. पाठ्यवृत्ती संपली, १९७२ च्या सुमारास कार्यशाळाही थांबली. तीन वर्षांच्या या प्रयत्नाला जर सरकारने वा एखाद्या विद्यापीठाने कायमचे छप्पर दिले असते, तर महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा चेहरा निराळा झाला असता, असे या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

येथे तुलनेसाठी हंगेरीचे उदाहरण पुढे ठेवणे उपयोगी आहे, कारण तोही श्रीमंत पाश्चात्त्य देश नव्हता, तेथेही साधने सरकारच्या हाती होती आणि अभिव्यक्तीवर नजर होती. बुडापेस्ट येथे १९५९ मध्ये बालाझ बेला स्टुडिओ स्थापन झाला, ज्यात तरुण दिग्दर्शकांना सरकारी पैशावर प्रयोग करता येत. तयार झालेली फिल्म लोकांना दाखवलीच पाहिजे अशी अट नसल्यामुळे आगाऊ परवानगीचा जाचही तुलनेने सैल राही. या मोकळिकीतून मिक्लोश एर्देय आणि गाबोर बोडी यांच्यासारखे कलावंत पुढे आले. बोडी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘इन्फरमेंटल’ नावाचे, कागदाऐवजी व्हिडिओ कॅसेटवर निघणारे आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू केले, ज्याचे अंक वेगवेगळ्या शहरांतील संपादक सिद्ध करीत आणि जे बोडी यांच्या १९८५ मधील अकाली मृत्यूनंतरही १९९१ पर्यंत चालू राहिले. पुढे १९९० मध्ये बुडापेस्टच्या ललितकला अकादमीत नवमाध्यमांचा स्वतंत्र विभागच उघडला गेला. म्हणजे तेथे स्टुडिओ, नियतकालिक आणि शिक्षणविभाग अशी साखळी जुळली. मुंबईत एका चित्रकाराच्या पाठ्यवृत्तीनंतर ती साखळी तुटली, आणि पुढची दोन दशके कलादालनांत हलती प्रतिमा जवळजवळ दिसत नाही.

कार्यशाळेतील सर्वांत तरुण सहभागींपैकी एक नाव मात्र या दोन दशकांना पूल घालणारे ठरले. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. फाळणीने त्यांच्या कुटुंबाला सिंधमधून उखडून इकडे आणले, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९६९ मध्ये शिक्षण पूर्ण केले. त्याच वर्षी कार्यशाळेत त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ केली. पुठ्ठ्यांच्या लहान प्रतिकृतींवर रंगीत प्रकाश टाकून, एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपून घडवलेली ही ८ मि.मी.ची फिल्म नव्या देशाच्या नव्या घरांचे स्वप्न दाखवते. भिंती, छपरे आणि सावल्या रंग बदलत राहतात आणि सगळे काही शक्य आहे असे वाटते. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी याच फिल्मशेजारी एक कृष्णधवल फिल्म लावली, ज्यात एक तरुण स्त्री प्रत्यक्षातल्या मुंबईकडे, तिथल्या वस्तीकडे पाहत उभी आहे. या जोडफिल्मचे नाव ‘युटोपिया’. एकीकडे रंगीत पुठ्ठ्याचे शहर, दुसरीकडे करडे खरे शहर, आणि पाहणाऱ्याची नजर या दोहोंत हेलपाटे घालते. दोन पडदे शेजारी ठेवले की निवेदकाची गरज उरत नाही, हे तंत्र मलानींना येथेच गवसले आणि पुढे त्यांनी ते आयुष्यभर वापरले.

मधल्या काळात व्हिडिओने कलादालनाची वाट न पाहता थेट घरात आणि गल्लीत प्रवेश केला. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने संच आणि व्हीसीआर यांच्या आयातीवरील बंधने सैल झाली, आणि काही वर्षांतच लहान गावांतून ‘व्हिडिओ पार्लर’ उघडली. एका खोलीत सतरंजी अंथरायची, दाराला जाड पडदा लावायचा, टेबलावर एक संच आणि खाली व्हीसीआर ठेवायचा, की चित्रपटगृह तयार होत असे. भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने नाव लिहिलेले असे, आणि कॉपीची कॉपी करीत आलेल्या चित्रपटात रंग एकमेकांत उतरलेले असत. मूळ कॅसेटला ‘मास्टर’ म्हणत आणि ती कोणालाही हाताळू देत नसत. याच सुमारास लग्नात ‘शूटिंगवाला’ आला. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात डोळे दिपवणारा हॅलोजन, तिसरा वायर सावरत मागे. बोहल्यावरील नवरा-नवरी घामाघूम, अक्षता टाकणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक, आणि नंतर ‘मिक्सिंग’मध्ये वधूचा चेहरा फुलाच्या पाकळीत बसवलेला. या कॅसेटकडे सौंदर्याच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही. पण सामान्य मराठी माणसाने स्वतःची हलती प्रतिमा पहिल्यांदा पाहिली ती येथे, हे विसरून या माध्यमाचा इतिहास लिहिता येणार नाही. हंगेरीच्या पेटर फोरगाच यांनी १९८८ पासून ‘प्रायव्हेट हंगेरी’ ही मालिका घडवली, ती अशाच घरगुती चित्रणातून. सहली, वाढदिवस आणि लग्ने यांच्या जुन्या फिल्म त्यांनी गोळा केल्या, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांवर पुढे कोणते युद्ध आणि कोणती छळछावणी कोसळणार आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे केकवरील मेणबत्तीसुद्धा पाहवत नाही. मराठी घरांतील लग्नाच्या कॅसेटकडे तशी नजर अजून वळायची आहे.

याच माध्यमाचा राजकीय उपयोगही तेव्हाच सुरू झाला. १९८८ मध्ये ‘न्यूजट्रॅक’ हे कॅसेटवरील मासिक वृत्तनियतकालिक निघाले, दूरदर्शनवर न दिसणारी दृश्ये भाड्याने घरी येऊ लागली, निवडणुकांत व्हिडिओ रथ फिरू लागले. १९९१ च्या आखाती युद्धाबरोबर उपग्रह वाहिन्या आल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीतील मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७.

मुंबईच्या चित्रकारांवर याचा जो आघात झाला, तो समजल्यावाचून १९९० च्या दशकातील व्हिडिओकला समजत नाही. चौकटीतील, भिंतीवर टांगलेले, विकत घेऊन दिवाणखान्यात लावता येणारे चित्र या अनुभवाला अपुरे आहे, अशी जाणीव अनेकांना एकाच वेळी झाली. रुमाना हुसेन यांनी रंगचित्र बाजूला ठेवून फुटलेली मडकी, गेरू आणि स्वतःचे शरीर यांतून काम सुरू केले. नवज्योत अल्ताफ यांनी १९९४ च्या ‘लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रिडिस्कव्हर्ड’ या मांडणीत शिल्पांबरोबर व्हिडिओ आणला. मधुश्री दत्ता यांनी वांद्र्याच्या वस्तीवर ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ हा माहितीपट १९९३ मध्ये केला. मलानींनी तर या घटनांच्या काही काळ आधीच, १९९२ मध्ये, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावरील केमोल्ड गॅलरीत ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे काम केले होते. त्यांनी चित्रे थेट भिंतींवर काढली, लोकांनी ती पाहिली, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांवर चुना फासण्यात आला. उरले ते केवळ व्हिडिओवरील चित्रण. विकण्याजोगे काहीच न ठेवणारे हे चित्र आणि त्याची साक्ष देणारी फीत, अशी ही जोडी आहे. आणि फितीला येथे पहिल्यांदा कलाकृतीच्या स्मरणाचे काम मिळाले. पुढे रंगभूमीवरील सहकाऱ्यांबरोबर, हायनर म्युलर आणि ब्रेख्त यांच्या संहिता घेऊन, मलानींनी मंचावर हलत्या प्रतिमा आणल्या. नाटकाच्या या वाटेनेच व्हिडिओ कलादालनाच्या खोलीत शिरला, म्हणूनच महाराष्ट्रातील व्हिडिओकलेत आजही नेपथ्याचा वास येतो.

मग ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चगाई येथे त्यांना उत्तर दिले. त्याच वर्षी मलानींनी ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प घडवले. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा उर्दू जाणणाऱ्या कामठीकरांना सांगावी लागणार नाही, पण मराठी वाचकासाठी एवढे सांगायला हवे की तीत फाळणीनंतर दोन्ही देश आपापल्या इस्पितळांतील वेड्यांचीही अदलाबदल करतात आणि आपले गाव नेमके कोणत्या देशात आहे हे न कळलेला एक म्हातारा शीख सीमेवरच्या कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मलानींनी काय केले? बारा पत्र्याच्या ट्रंका जमिनीवर उघड्या ठेवल्या, त्यांत रजया घातल्या, आणि त्या उबेत एकेक लहान संच बसवला. निर्वासितांची दृश्ये त्या संचांवर चालू होती. पाहायचे तर वाकावे लागत होते, जणू कोणाचे सामान उचकटून पाहतो आहोत. समोरासमोरच्या दोन भिंतींवर मोठ्या आकारात दोन स्त्रिया, एक इकडची, एक तिकडची, एकच साडी घडी करू पाहत होत्या. साडीची घडी दोघींनी मिळून घालायची असते, पदराची टोके जुळवत एकमेकींजवळ यायचे असते, हे प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. येथे दोघींच्या मध्ये खोलीएवढे अंतर होते आणि त्या अंतरात ट्रंका आणि प्रेक्षक उभे होते. अणुस्फोटाची दृश्ये त्यांच्या सोबतीला होती. साडीची घडी जुळत नाही. एवढेच घडते, सुमारे वीस मिनिटांत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या अखंड पुनरावृत्तीला ‘लूप’ म्हणतात, आणि फाळणीच्या विषयाला याहून योग्य कालरचना सापडली नसती.

ही कलाकृती मुंबईत मांडली गेली ती खासगी दालनात नव्हे, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. कलादालनाच्या काचेच्या दारातून आत जायला ज्याचे पाय अडखळतात, तो माणूस संग्रहालयात मुलाबाळांसह, शाळेच्या सहलीबरोबर बेधडक जातो. मुंबई पाहायला आलेला विदर्भातील एखादा विद्यार्थी तेथील अवजड मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी पाहता पाहता या ट्रंकांपुढे येऊन थांबू शकत होता. व्हिडिओकला लोकांच्या वाटेवर आणून ठेवण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत यशस्वी प्रयत्न होता, आणि त्याची पुनरावृत्ती फारच थोड्या वेळा झाली, ही या कलेच्या इतिहासातील खरी खंत आहे.

याच काळात माहितीपट आणि कला यांच्यामधली रेषाही पुसट होत होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध निदर्शने करणाऱ्या दलितांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे ठार झाली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी घोगरे यांचे गाणे १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये टिपले होते, आता त्यांनी कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षे तो खाली ठेवला नाही. २०११ मध्ये पूर्ण झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ एवढा दीर्घ काळ चालू शकला, कारण फीत फिल्मपेक्षा पुष्कळ स्वस्त होती आणि वस्तीतील एखाद्या कव्वाली-गायनाच्या रात्री ती तासन् तास चालू ठेवता येत होती. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते बाबू हरदास लक्ष्मण नगराळे कामठीचे, १९०४ ते १९३९ एवढेच आयुष्य लाभलेले; तेव्हा या चित्रणाच्या नावातच कामठी आहे. कलासमीक्षक याला व्हिडिओकला म्हणणार नाहीत. पण माध्यमाचा काळाशी असलेला संबंध जर कोणी महाराष्ट्रात पूर्णपणे वापरला असेल तर तो येथे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आणि मग मालेगाव आहे. कामठीप्रमाणेच विणकरांचे, यंत्रमागांच्या खडखडाटात बोलायची सवय झालेले हे गाव. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. स्थानिक माणसे नट झाली, सायकलीने कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणून काम केले, आणि सुमारे पन्नास हजार रुपयांत सिनेमा झाला. पुढे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने हे प्रयत्न जगापुढे नेले. नासिर यांना व्हिडिओकला हा शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती. इतरांच्या चित्रपटांचे तुकडे जोडून जोडून संकलन शिकणे, उपलब्ध प्रतिमेवर आपली प्रतिमा चढवणे, गावाला गावाचेच रूप पडद्यावर दाखवणे, हे सगळे पश्चिमेत ज्या कामासाठी कलावंतांचा गौरव झाला त्याच जातीचे आहे. दक्षिण मुंबईतील खोली आणि मालेगावचे पार्लर यांची गाठ त्या शतकात पडली नाही. ती पडली असती तर दोन्हीकडे काय झाले असते, या विचाराने हे पुस्तक लिहिणाऱ्याची झोप अनेकदा उडाली आहे, आणि म्हणूनच येथे दोन्हींना एकाच ग्रंथात जागा दिली आहे.

शतक संपता संपता माध्यमाचे यंत्र पुन्हा बदलले. फितीवर आकड्यांच्या रूपात चित्रण करणारे छोटे डिजिटल कॅमेरे आले, प्रोजेक्टर स्वस्त झाले, आणि संच नावाचे खोकेच नाहीसे होऊन प्रतिमा थेट भिंतीवर पडू लागली. १९९९ मध्ये मुंबईत तुषार जोग, शर्मिला सामंत आणि त्यांचे सहकारी ‘ओपन सर्कल’ या गटात एकत्र आले, आणि कलावंताने आंदोलनांच्या बरोबरीने उभे राहावे असा आग्रह त्यांनी धरला. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात जगातील नऊ शहरांपैकी एक म्हणून मुंबईचे १९९२ ते २००१ हे दशक मांडले गेले, ज्याची निवड गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी केली होती. त्यानंतरच्या पिढीचा, शिल्पा गुप्ता आणि तेजल शहा यांच्यासारख्यांचा, इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

मराठीत या विषयाची परिभाषा घडवण्याचे काम अजून बाकी आहे. अरुण खोपकर यांनी ‘चित्रव्यूह’ आणि ‘चलत्-चित्रव्यूह’ यांतून हलत्या प्रतिमेविषयी मराठीत विचार करण्याची सवय लावली, आणि १९९० च्या ‘फिगर्स ऑफ थॉट’ या लघुपटात मलानी, भूपेन खख्खर आणि विवान सुंदरम् यांच्या चित्रांपुढे कॅमेरा नेला. त्या वाटेने पुढे जाण्याचा येथे प्रयत्न आहे. शब्द निवडताना लोकांच्या तोंडी रुळलेले कॅसेट, संच, मास्टर, शूटिंग हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण ज्याच्या घरात ही वस्तू होती त्याने तिला याच नावाने हाक मारली.

उरतो तो जपणुकीचा प्रश्न, आणि तो वाचकाच्या घरापर्यंत येतो. पदमसींनी ‘सिझिजी’शिवाय ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही दुसरी फिल्म केली होती. तिची एकच प्रत होती आणि ती हरवली. आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्याच नावाचा लघुपट केला, ज्यात वृद्ध पदमसी आपली न उरलेली फिल्म आठवून सांगतात, आणि आकार, रंग, प्रकाश यांचे वर्णन ऐकत प्रेक्षक कोणीच न पाहू शकणारी फिल्म मनात रचतो. त्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, व्हीसीआर बनवणारी जपानमधील शेवटची कंपनीही थांबली. आता जी यंत्रे चालतात तेवढीच आहेत. चुंबकीय फितीवर दर पावसाळ्यात पांढरी बुरशी चढते, कॅसेटच्या काचेतून ती कापसाच्या तंतूसारखी दिसते. अशी कॅसेट सापडली तर ती उत्साहाने यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक फितीला चिकटते. आधी ती कोरड्या, थंड जागी काही दिवस उभी ठेवावी, जाणकाराकडून उघडून पुसून घ्यावी, मग एकदाच, संगणकाला जोडलेल्या यंत्रात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावी, आणि कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणते वर्ष हे त्याच दिवशी, आठवणारी माणसे घरात आहेत तोवर, कागदावर लिहून ठेवावे.